डोंगर एक, दफ्तरे अनेक

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी चार जिल्हे झाले, त्याला आता दशक होत आले. तरी त्या विभागणीचा सल आम्हा हैदराबादकरांपैकी ज्यांनी हा मुलूख पाहिला आहे त्यांच्या मनातून गेलेला नाही. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, आणि यांच्या मधोमध राजगोंड, कोलाम, परधान व थोटी यांची सागवानी डोंगरभूमी: एवढ्या स्पष्ट सीमा निसर्गाने आखून दिल्या असता गोंडांचा नागदेव, केसलापूरचा नागोबा, एका जिल्ह्यात राहिला, आणि त्याच्या पूजेसाठी गोंडांचे मेस्राम कुळ गोदावरीचे जल जेथून पायी आणते ते हस्तिनमडुगू दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

१९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम धारातीर्थी पडल्यावर निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावी गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. १९५६ मध्ये किनवट व राजुरा मुंबई राज्याकडे गेले, उरलेल्या भागात तेलुगू ही शाळेची मुख्य भाषा झाली. पुढच्या दोन तपांत जमिनी बाहेरच्यांच्या नावे चढत गेल्या, याहून निराळे सांगण्यासारखे थोडे आहे.

नवव्या दशकाविषयी मात्र मौन पाळणे मला शक्य नाही. २० एप्रिल १९८१ रोजी, बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्लीला जमिनीचा हक्क मागण्यास जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोक सांगतात तो त्याच्या अनेक पटींनी मोठा. हैदराबादेतील सुशिक्षित बैठकींतून तेव्हा ‘अडाणी माणसे, कोणी तरी चिथावली’ असा निकाल दिला जाई, आणि जमिनीचे पट्टे कोणी हिरावले हा प्रश्न विचारणाऱ्यास गप्प केले जाई. तो निकाल अन्यायाचा होता, हे मी आजही म्हणतो. ज्या परदेशी विदुषीने मारलवाईत पतीसह संसार थाटला, त्या बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत निवर्तल्या आणि मारलवाईतच चिरविश्रांतीस गेल्या. आपल्या विद्वानांपैकी कितीजणांना त्या गावची वाट ठाऊक होती?

जमिनीसारखीच उपेक्षा गोंडांच्या भाषेचीही झाली. पेरूने १९७५ मध्येच आपल्या डोंगराळ प्रांतांतील क्वेचुआ भाषेस राजभाषेचा दर्जा दिला. आपल्याकडे मात्र २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी आठव्या अनुसूचीबाहेरच आहे. हैदराबादच्या मराठी संस्थांनी निदान ती देवनागरी वाचनपुस्तके हुडकून, पुन्हा छापून, गोंड शिक्षकांच्या हाती द्यावीत.