आधी रुग्ण की आधी प्रयोगशाळा?

आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’मध्ये चांगले गुण पडले की मुलगा थेट एमबीबीएसला जातो. अमेरिकेत तसे नाही. तिथे आधी 4 वर्षांची पदवी, ‘एमकॅट’ ही परीक्षा आणि मग वैद्यकीय महाविद्यालय. या आधीच्या काळातल्या विद्यार्थ्याला ‘प्रीमेड’ म्हणतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही याच वाटेने जातात आणि इकडे आजी फोनवर विचारते, ‘‘अरे, अजून डॉक्टरकी सुरूच नाही का झाली?’’

नुसत्या गुणांवर तिथे भागत नाही. एमडीच्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त 15 उपक्रम मांडता येतात. त्यांतल्या 3 विषयी अधिक विस्ताराने लिहिता येते. त्यामुळे प्रयोगशाळेतही जायचे आणि रुग्णालयातही, अशी ओढाताण सुरू होते.

पालक मला विचारतात, दोन्हीला निम्मा-निम्मा वेळ द्यावा का? माझ्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. प्रयोगशाळेला सलग वेळ लागतो. काचपात्रात वाढवलेल्या पेशींना रविवार कळत नाही; त्यांचे पोषकद्रव्य वेळेवर बदलावेच लागते. शिवाय प्रयोग फसतात, पुन्हा करावे लागतात. म्हणून संशोधनाला उन्हाळ्याची लांब सुट्टी उत्तम. रुग्णांचे काम उलट थोडे थोडे, पण नेमाने करण्याचे. दर शनिवारी 4 तास वर्षभर गेले, तर माणसे ओळखीची होतात.

डॉक्टरच्या मागे उभे राहून नुसते पाहणे, ज्याला तिथे ‘शॅडोइंग’ म्हणतात, ते उपयोगी आहे. पण तो रुग्णसेवेचा अनुभव नव्हे. रुग्णवाहिकेवर काम करणे, डॉक्टरांच्या नोंदी टिपणे, मरणासन्न रुग्णांपाशी बसणे हा खरा अनुभव. तिथे पहिला धडा मिळतो तो लिफ्टमध्ये रुग्णाचे नाव न उच्चारण्याचा!

क्रम विचाराल, तर मी म्हणेन आधी रुग्ण. माझ्या ओळखीतली एक मुलगी 2 वर्षे प्रयोगशाळेत रमली होती. मग एका शुश्रूषागृहात जाऊ लागली. वृद्धांना भरवताना, त्यांची तीच तीच गोष्ट ऐकताना तिला कळून चुकले, की आपल्याला हे आयुष्यभर जमणार नाही. घरात रडारड झाली. आज ती जीवशास्त्रात पीएचडी करते आहे. हेच वैद्यकीय महाविद्यालयात, मोठे शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना कळले असते तर?

ज्यांना दोन्ही मनापासून हवे, त्यांच्यासाठी एमडी-पीएचडी हा जोड अभ्यासक्रम आहे. त्याला साधारण 8 वर्षे लागतात. त्यासाठी मात्र संशोधनाचा भरघोस अनुभव हवाच. प्रवेशासाठी त्यावर वेगळा निबंधही लिहावा लागतो. नुसते नाव लावण्यापुरते संशोधन केलेल्या मुलाची गाडी मुलाखतीत ‘‘तुमचा प्रश्न नेमका काय होता?’’ इथेच अडते.