मेणात मुरणारा मोगरा

कोथरूडमधल्या एका स्वयंपाकघरात, ओट्यावर काचेचे चार ग्लास ओळीने मांडले आहेत. चारही सारखे, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून एकाच खोक्यात आलेले. प्रत्येकाच्या बुडाशी एक चिठ्ठी: ०, ६, ८, १०. वरून पाहिलं तर फरक कळत नाही. तेच सायीसारखं मेण, मधोमध तीच सुती वात. आकडे आहेत मेणात मिसळलेल्या मोगऱ्याच्या सुगंधी तेलाचे, शेकड्यात. शून्याचा ग्लास बिनवासाचा. बाकी तिघांना त्याच्याशी ताडून पाहायचं, म्हणून तोही तितकाच महत्त्वाचा.

या खटाटोपाच्या मुळाशी गेल्या दिवाळीतल्या मेणबत्त्या आहेत. झाकण उघडलं की खोली दरवळायची, पेटवल्यावर मात्र वास कुठे जायचा कळत नसे. करणारीने तेव्हा तेच केलं जे बहुतेक जण करतात: पुढच्या खेपेला तेल वाढवलं. मेणावर घामासारखे थेंब जमले, ज्योत फडफडू लागली, काचेला काजळी धरली आणि दरवळ होता तेवढाच राहिला. मग तिने अंदाज सोडला आणि काटा घेतला.

घरातला नेहमीचा काटा इथे कामाचा नाही. १६० ग्रॅम मेणाला ६ टक्के म्हणजे ९.६ ग्रॅम तेल, ८ टक्के म्हणजे १२.८ आणि १० टक्के म्हणजे १६. दोन ग्लासांतला फरक अवघा ३.२ ग्रॅम. त्यात एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर चिठ्ठीवरच्या आकड्याला अर्थच उरत नाही. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. चमच्याने किंवा मिलिलिटरने मोजणं त्याहून वाईट, कारण सगळी तेलं सारख्या वजनाची नसतात. लिंबाच्या सालीचं १० मिलि तेल साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, तर लवंगेचं तेवढंच तेल १० ग्रॅमच्या वर जातं.

आणि टक्के कशाचे, तेही आधी ठरवावं लागतं. मेणबत्तीच्या धंद्यात बहुधा मेणाच्या वजनावर टक्के काढतात. १६० ग्रॅम मेणात १६ ग्रॅम तेल हे या हिशेबाने १० टक्के. पण तेच मेण आणि तेल मिळून झालेल्या १७६ ग्रॅमवर मोजलं, तर साधारण ९.१ टक्के. दोघीजणी ‘मी दहा टक्के घालते’ म्हणतात आणि दोघींच्या मेणबत्त्या वेगळ्या निघतात, त्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

मेण सोयाचं आहे. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. आपल्याकडे वनस्पती तूप ज्या रीतीने तयार झालं, तीच ही रीत. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा जग, जगात मेणाचे पांढरे पापुद्रे. थेट आचेवर मेण कधीच ठेवायचं नाही आणि जग सोडून फोन घ्यायलाही जायचं नाही, हा नियम ती काटेकोर पाळते. थर्मामीटर ८५ अंश सेल्सियस दाखवतो, तशी ती जग बाहेर काढते, बूड पुसते, काट्यावर ठेवते आणि तेलाची धार सोडते. मग दोन मिनिटं ढवळणं, घड्याळ लावून, सावकाश. फेटलं तर हवा शिरते आणि ढवळणं आटोपतं घेतलं तर तेल नीट मिसळत नाही. ओतायचं मात्र लगेच नाही. पारा साठीच्या खाली उतरला की मगच.

या टप्प्यावर एक गैरसमज फार पसरलेला आहे. सुगंधी तेलाच्या बाटलीसोबतच्या कागदावर ‘फ्लॅश पॉइंट’ लिहिलेला असतो आणि मेण त्याहून गरम असेल तर वास उडून जातो, असं ठामपणे सांगितलं जातं. खरं तर तो आगीच्या धोक्याचा आकडा आहे: या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळाल्यास पेटू शकते. वास टिकेल की नाही, हे तो सांगत नाही. त्याला घाबरून कोमट मेणात तेल घातलं की ते पुरतं एकजीव होत नाही, आणि नंतर दोष तेलाला दिला जातो.

ओतून झालं, मेण थिजलं, तरी मेणबत्ती तयार नसते. लोणचं घातल्या दिवशी खायचं नसतं, तसंच हे. सोयाच्या मेणातले स्फटिक थिजल्यावरही काही दिवस हळूहळू बदलत, बसत राहतात. म्हणून झाकण लावून एक ते दोन आठवडे ती मुरायला ठेवतात. पॅराफिनला इतकी वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेटवून ‘वासच नाही’ म्हणणं ही नव्या माणसाची सगळ्यांत मोठी चूक. या चार ग्लासांना पूर्ण चौदा दिवस दिले आहेत.

पंधराव्या दिवशी आधी न पेटवता हुंगणं. इथे १० चा ग्लास सरळ जिंकतो. पण थंड मेणाचा वास आणि पेटत्या मेणबत्तीचा वास या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत आणि सारी फसगत इथेच होते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरडेने मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. नुकत्याच विझलेल्या वातीतून वर जाणाऱ्या वाफेला काडी लावली की ज्योत वाफेवरून उडी मारून वातीवर परत येते, हे त्याने दाखवलं होतं. जळते ती मेणाची वाफ. वात फक्त पातळ मेण वर ओढते. म्हणजे वातीतून वर चढलेलं सुगंधी तेल ज्योतीत जळून जातं; खोलीत पसरतो तो मुख्यतः ज्योतीखालच्या पातळ मेणाच्या तळ्यातून उडणारा वास. तळं जितकं रुंद आणि पुरेसं गरम, तितका दरवळ. तेल जास्त झालं की वात गुदमरते, ज्योत खुरटते, तळं आक्रसतं. तेल असूनही वास नाही, तो असा.

सगळ्या वाती ६ मिलिमीटरवर कापल्या आहेत. छताचा पंखा बंद, कारण हेलकावणारी ज्योत काजळी सोडते आणि निकाल बिघडवते. एका दिवशी एकच ग्लास, त्याच खोलीत, दार लावून, चार तास. दर तासाला पट्टी धरून तळ्याचा व्यास वहीत.

वासाचा निवाडा मात्र ती स्वतः करत नाही. चौदा दिवस मोगऱ्यात वावरलेलं नाक त्याला सरावलेलं असतं. शेजारच्या काकू येतात. चिठ्ठीवरचा आकडा त्यांना सांगितलेला नसतो. ६ च्या दिवशी त्या खोलीत येऊन थोडं थांबतात. “आहे गं, पण शोधावा लागतो.” ८ च्या दिवशी दारातच म्हणतात, “अगं, गजरा आणलास का?” १० च्या दिवशी कपाळाला आठी. “काल जास्त होता ना?” वहीही तेच सांगते: ८ चं तळं चौथ्या तासाला काचेला भिडलं होतं, १० चं बोटभर आधीच थांबलं आणि वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरला होता.

हट्टाने तिने १० लाच जाड वात लावून पाहिली. तळं भरलं, वासही आला. पण ज्योत उंच झाली, काच हात लावू नये इतकी तापली आणि कडेला काळी रेघ उमटली. तो ग्लास बाद. हा निर्णय तिने क्षणात घेतला आणि तो सर्वांत योग्य होता, कारण ही वस्तू कुणाच्या तरी घरात, पडद्याजवळ, मुलांच्या आसपास जळणार असते.

मोगऱ्याचा ८ हा आकडा दुसऱ्या तेलाला लागू पडत नाही. व्हॅनिलाच्या तेलात व्हॅनिलिन असतं, त्याने मेण दिवसागणिक तपकिरी होतं. लिंबूवर्गीय वास चटकन उडतात, चंदनासारखे जड वास रेंगाळतात. मेणाचा उत्पादकही कमाल मर्यादा सांगतो, या सोया मेणाला ती १० टक्के आहे. आणि तेलासोबत ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मानकांनुसार दिलेलं प्रमाणपत्रही वाचावं लागतं. शिवाय ऋतू. कोथरूडच्या कपाटात शहाण्यासारखी राहिलेली मेणबत्ती मे महिन्यात कुरिअरने नागपूरला निघाली की पन्नाशीच्या आतच वितळणारं हे मेण उन्हातल्या गाडीत मऊ पडतं आणि जादा तेल आधी बाहेर येतं. उन्हाळ्यातल्या पार्सलसाठी ती आता ७ टक्के करून पाहणार आहे.

ओट्यावर नवे ग्लास आले आहेत, या वेळी चाफ्याचे. बुडाशी चिठ्ठ्या: ०, ६, ७, ८. त्याखाली ओतल्याची तारीख आणि पेटवायची तारीख. झाकणं लावून ती ग्लास वरच्या फळीवर, मसाल्यांपासून लांब, सरकवते आणि वहीचं नवं पान आखायला बसते.