वाडा पडतो, नाव मागं उरतं

आडनावात गाव, गावात गढी आणि गढीच्या पायथ्याशी वस्ती. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे नाव. त्या नावाचा माग काढायला तुम्हाला फक्त एक वही आणि मोबाईल लागेल!

मित्रांनो, सुट्टीत गावाकडं गेलात की एखाद्या आजोबांना पत्ता विचारून बघा. ‘गढीच्या खालच्या अंगाला’, ‘वाड्याच्या मागं’, ‘वेशीतून सरळ आत’ अशी उत्तरं मिळतील. तुम्ही तिथं जाता, तर गढीच्या जागी मातीचा ढिगारा, त्यावर दोन-चार बाभळी आणि कुठं कुठं पाण्याची टाकी. वाड्याच्या जागी पत्र्याचं शेड. वेस तर केव्हाच रस्तारुंदीत गेलेली. तरीही पत्ता चालू आहे आणि पोस्टमनसुद्धा चुकत नाही. हिंगोली जिल्ह्यातच काय, अख्ख्या मराठवाड्यात हे दिसतं. इमारत आधी जाते, नाव खूप नंतर.

व्हिला, व्हिलेज आणि व्हिलन

आपल्याकडं नव्या प्लॉटिंगच्या जाहिरातीत ‘व्हिला’ हा शब्द हमखास असतो. तो मूळचा लॅटिन. रोमन काळात ‘व्हिला’ म्हणजे श्रीमंत माणसाचं शेतीवाडीवरचं मोठं घर. अशा घराभोवती राबणाऱ्या माणसांची वस्ती झाली आणि त्यातूनच पुढं इंग्रजीतलं ‘व्हिलेज’ आलं. आणखी एक शब्द त्याच मुळातला आहे, तो म्हणजे ‘व्हिलन’! व्हिलावर राबणारा कुणबी तो व्हिलन. मालकांच्या तोंडी हा शब्द इतका हिणवायला वापरला गेला, की शेवटी त्याचा अर्थच ‘खलनायक’ झाला. घर मालकाचं, राबणारा दुसराच आणि बदनामीही राबणाऱ्याचीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मराठीतही असंच नातं आहे. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून आपला ‘वाडा’ आला आणि ‘वाटिका’वरून ‘वाडी’. मोठं घर म्हणजे वाडा आणि लहान वस्ती म्हणजे वाडी. दोघी एकाच घरच्या! पालघर जिल्ह्यात तर ‘वाडा’ नावाचा अख्खा तालुका आहे, तिथलाच तो ‘वाडा कोलम’ तांदूळ. बीड जिल्ह्यात गेवराईजवळ ‘गढी’ नावाचं गाव आहे.

गढी उभी राहायची कशी?

पूर्वी परगण्याचा सारा गोळा करायचा देशमुखानं आणि हिशेब लिहायचा देशपांडेनं. ही पदं होती, आडनावं नंतर झाली. सारा आणि धान्य सांभाळायचं, लुटारूंपासून वाचायचं, तर घर मजबूत हवं. मग उंचवट्यावर गढी बांधली जायची. जाडजूड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा आणि त्यात वाकून जायची दिंडी. आत वाडा, त्यात चौक, ओसरी, माजघर, धान्याचं बळद आणि जमिनीखाली पेव.

आपल्याकडची जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. अशा मातीची भिंत टिकत नाही, म्हणून बांधकामाला पांढरी माती वापरायचे. आपल्या भाषेतसुद्धा शेतशिवार म्हणजे ‘काळी’ आणि गावठाण म्हणजे ‘पांढरी’. वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. मे महिन्यात बाहेर लाही लाही होत असताना आत गारवा! फक्त दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ते नीट करायला लागायचं. हे काम दोन-चार वर्षं राहिलं की गळती लागते, तुळई कुजते आणि भिंत बसते.

हे काम राहू का लागलं, त्याची कारणं इतिहासात आहेत. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि वसुली सरकारी अधिकाऱ्यांकडं गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. उत्पन्न गेलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, पोरं शहरात गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवकडंच नाही, तर दूरदूरच्या गावांतही माळवदाखाली झोपायची भीती बसली. मग दारं, खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आणि पांढरी माती शेतात किंवा घर सारवायला. गढी अशी थोडी थोडी करून गावभर वाटली गेली.

आडनावात दडलेलं गाव

इमारत गेली तरी नाव माणसाच्या अंगाखांद्यावर राहतं. वसमतकर, कळमनुरीकर, औंढेकर, हिंगोलीकर... तुमच्या वर्गात एखादा तरी असेलच. यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. नरहर कुरुंदकर. थोर विचारवंत, ‘शिवरात्र’, ‘जागर’सारख्या पुस्तकांचे लेखक, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. १५ जुलै १९३२ ला कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला त्यांचा जन्म झाला. आडनाव मात्र वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कुरुंदा नकाशावर दाखवता येणार नाही, पण ते नाव त्याच्या पुस्तकाच्या कपाटात असतं.

उलटंही घडतं. कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. तिथं माणसाला गावाचं नाव चिकटलं नाही, गावानंच माणसाचं नाव घेतलं आणि ते झालं ‘नर्सी नामदेव’. नामदेव तिथून पंढरपूरला गेले, पंजाबात घुमानला पोहोचले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंढरपूरच्या मंदिरात एका पायरीलासुद्धा त्यांचंच नाव आहे. आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचं नाव? ते नांदेडात ‘हिंगोली गेट’ म्हणून उभं आहे!

पुणं आणि हैदराबाद

पुण्यात शिकायला गेलात की ‘रास्ता पेठ’ ऐकाल. तिचा रस्त्याशी काही संबंध नाही. आधी तिचं नाव शिवपुरी होतं. पेशव्यांचे सरदार आनंदराव रास्ते यांनी तिथं मोठा वाडा बांधला आणि पेठ रास्त्यांची झाली. शनिवारवाड्याचं आणखी मजेदार. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी झाली, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि दोन्ही दिवस शनिवारच! १८२८ मध्ये वाडा आगीत गेला. आज तट आणि दरवाजे आहेत, आत जोती आहेत. तरी ‘शनिवारवाड्यापाशी भेटू’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आपली जुनी राजधानी हैदराबाद. तिथं मोठ्या घराला ‘देवडी’ म्हणायचे. मराठीत देवडी म्हणजे दरवाजातली पहारेकऱ्याची जागा. सालारजंगांच्या वाड्याचं नाव ‘दिवाण देवडी’. १९५१ मध्ये सालारजंग म्युझियम सुरू झालं ते याच वाड्यात. १९६८ मध्ये ते आत्ताच्या इमारतीत गेलं. देवडी जवळपास सगळी पाडली गेली, पण बाजाराचं नाव अजून दिवाण देवडीच. फलकनुमा राजवाडा मात्र शाबूत आहे आणि त्याच्या नावाचा भाग आणि रेल्वे स्टेशनही आहे.

एकाच शब्दाची दोन टोकं

आता तो ‘व्हिलन’ आठवा. आपल्याकडं ‘वाडा’ हा शब्द गावाच्या दोन टोकांना वापरला जायचा. मधोमध देशमुखांचा वाडा. आणि वेशीबाहेर जातीच्या नावापुढं ‘वाडा’ लावून दलितांची वस्ती. शब्द एकच, पण एकाचा अभिमान आणि दुसऱ्याला पत्ता सांगायची लाज. गढीच्या भिंती कुणी रचल्या, पेवातलं धान्य कुणाच्या घामाचं, ते नावात कुठंच आलं नाही.

अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय केलं बघा. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे. शाळेत नोंद झाली ‘आंबडवेकर’ अशी, पुढं त्याचं ‘आंबेडकर’ झालं. म्हणजे आडनाव गावाचंच. १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, हजारो पुस्तकं मावतील असं घर बांधलं. नाव ठेवलं ‘राजगृह’. मगध देशाच्या प्राचीन राजधानीचं हे नाव, आजचं बिहारमधलं राजगीर. बुद्धांचा तिथं वारंवार मुक्काम असायचा आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती तिथंच झाली. ज्यांना गावाच्या वेशीत घर बांधायची मुभा नव्हती, त्यांच्यातल्या एका माणसानं आपल्या घराला एका राजधानीचं नाव दिलं! त्यांनी बांधलेल्या दुसऱ्या इमारतीचं नाव ‘चारमिनार’ होतं. ती १९४१ मध्ये विकली गेली.

सरकारी पातळीवर हे व्हायला बराच वेळ लागला. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळानं घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. कागदावर नाव बदललं, पण बोलण्यात? ते तुमच्या-माझ्या तोंडात आहे. मित्राला हाक मारताना, पत्ता सांगताना आपण कुठलं नाव घेतो, ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून तर हे सगळं नोंदवून ठेवायला हवं. गढी वाचवायला पैसा लागतो, परवानगी लागते. नावं वाचवायला फक्त ऐकणारा माणूस लागतो. गढीत जन्मलेली आजी आणि गढीच्या भिंतीला माती वाहिलेली आजी, दोघी अजून आहेत. दोघींचं ऐकलंत तरच वाड्याची गोष्ट पूर्ण होते. एकीचंच ऐकलंत, तर अर्धाच वाडा हाती लागेल.

करून बघा!

- आपलं आडनाव कुठून आलं? गावावरून, पदावरून की धंद्यावरून? घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा आणि लिहून ठेवा.
- गावातल्या गल्ल्या, वेशी, विहिरी, बारवा, बुरूज यांची जुनी नावं वहीत उतरवा. कुणी सांगितलं आणि कधी, तेही लिहा.
- उभी असलेली दारं, खांब, कोनाडे यांचे फोटो काढा. मालकाला आधी विचारा. रील नंतर!
- पावसाळ्यात जुन्या भिंतीवर किंवा माळवदावर चढू नका. मातीची भिंत ढासळायच्या आधी आवाज देत नाही.
- वेशीच्या आतल्या दोन आणि वेशीबाहेरच्या दोन म्हाताऱ्या माणसांशी बोला. चौघांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचा. तुमच्या गावाचा इतिहास तिथून सुरू होईल.