पऱ्हाटी, बाजार आणि आपण

जागतिकीकरण १९९१ साली आले, असे आपले विचारवंत लिहितात. वर्धा जिल्ह्यापुरते तरी हे खरे नाही. वर्गात मी मुलांना सांगतो, जगाचा बाजार आपल्या पऱ्हाटीपर्यंत पोचला त्याला दीडशे वर्षे उलटली.

१८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या गुलामांनी वेचलेला कापूस बंदरांत अडकला आणि मँचेस्टरची नजर हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. भाव चढले, १८६५ साली युद्ध संपताच कोसळले. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. तिने कापूस नेला आणि विलायती सूत-कापड आणले.

यात आपले काय झाले? या भागातला महार जाडेभरडे कापड विणीत असे. गावकीच्या लाचारीबाहेर भाकर देणारा तो धंदा होता. गिरणीच्या स्वस्त कापडाने तो बुडाला. मग आपली माणसे गिरणीच्या दारात उभी राहिली. तिथेही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत, जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. पिढ्यान्‌पिढ्या कापड विणणारी जात गिरणीच्या मागाला मात्र विटाळ ठरली! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. १९३८ साली मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून.

साम्राज्य गेले, बाजार राहिला. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली, २००२ साली बीटी बियाणे आले. कर्ज वाढले, शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले. त्यात वर्धाही होता. बँकेच्या थकीत कर्जावरचे व्याज माफ झाले. पण जिच्या नावावर सातबाराच नाही, त्या वेचणाऱ्या बाईला बँक कर्ज देतच नव्हती. मग माफ काय होणार? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले, तेव्हा हमीभावावर सभा झाल्या. त्या व्हायलाच हव्यात. पण भाव पडला की पहिली कात्री वेचणीच्या मजुरीला लागते, हे तिथे कोण बोलणार?

बाजाराविरुद्ध लढताना जात विसरा, असे आपल्याला सांगितले जाते. ते आपण मानू नये. कापसाच्या भावाच्या प्रत्येक मागणीशेजारी वेचणीच्या मजुरीची मागणी लिहिली गेली पाहिजे, आणि ती आपणच लिहिली पाहिजे.