इंजिन उघडायचं की गिअरबॉक्स?

हरिशंकरपुरममधल्या आमच्या घरी महिनाभर एकच चर्चा आहे. 2001 सालची मारुती झेन ऑटोमॅटिक दुरुस्त करायची की विकायची? पप्पांचा डावा पाय पोलिओमुळे अधू आहे, क्लच दाबता येत नाही. दुसरी ऑटोमॅटिक लगेच घेण्याची ऐपत नाही. म्हणजे ही गाडी गेली की त्यांचं स्वतः चालवणं गेलं, आणि रविवारी आजीला मिस्साला नेणंही.

लक्षण एकच. किल्ल्याच्या उरवाई गेटच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र रांगते. पहिले मिस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाले, "इंजन बैठ गया. दोनों खोल देते हैं." दोन्ही म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स.

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण मला हे पटेना. इंजिन खरंच बसलं असेल तर ते चढावर दमतं, असं ओरडत नाही. इथे फेरे वाढतात, पण चाकांपर्यंत पोचत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच-प्लेट्स असतात आणि तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात. तेल जुनं झालं, सील कडक झाले की दाब अपुरा पडतो. प्लेट्स घसरतात आणि जळतात.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. एखाद्यात दाब कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. आमचे चारही आकडे जवळपास सारखे आणि चांगले आले. मग गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. हे तेल लाल असायला हवं; आमचं काळं होतं आणि करपलेल्या फोडणीसारखा वास. शेवटचं कधी बदललं, पप्पांना आठवेना. दोष आमचाच!

म्हणजे इंजिनाला हात लावायचा नाही. त्याचं काम तसंही कुठल्याही शहरात होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारे हात मात्र थोडे, आणि इतक्या जुन्या गाडीच्या प्लेट्स-सीलचं किट शोधावं लागतं. नुसतं तेल बदलून जळालेली प्लेट सुधारत नाही. किट मिळण्याआधी गिअरबॉक्स उतरवला तर गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये अडकते.

शिवाय कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आमची पाळी 2026 मध्ये आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारला त्याचे 10,000 रुपये पडतात. काका म्हणतात, त्यापेक्षा ग्वाल्हेर मेळ्यात नवी घ्या. 2025 च्या मेळ्यात रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट होती. पण सूट टॅक्सवर असते, गाडीच्या किमतीवर नाही.

पप्पांनी ठरवलंय, किट हातात आलं तरच गिअरबॉक्स उघडायचा, नाहीतर नूतनीकरणाआधी गाडी विकायची. दिल्लीला विचारणा केली आहे. तोवर गाडी उभीच, कारण घसरत्या प्लेट्सवर चालवलं तर उरलेलंही जळेल. मिस्साला आम्ही ऑटोरिक्षाने जातो, आणि ड्रायव्हरने गिअर उशिरा बदलला की पप्पा मागच्या सीटवरून त्याला सांगतात.