विद्युत्‌भार नसलेला साबण ओळखावा कसा?

विहिरीच्या जड पाण्यात साबण फेसत नाही, पांढरा साका मात्र धरतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे. साबणाच्या ऋणभारित टोकाला पाण्यातले कॅल्शियम चिकटते, त्याचा हा परिणाम. परंतु काही पृष्ठक्रियाकारक द्रव्यांच्या टोकावर भारच नसतो. मग कॅल्शियमने चिकटावे कशाला? यांना अनायनी म्हणतात. पण त्यांचा हा गुणच परीक्षकाला नडतो. भारावर विसंबणाऱ्या नेहमीच्या परीक्षा येथे लंगड्या पडतात आणि आपल्याला वर्णपटाकडे वळावे लागते.

प्रयोगशाळांतून पुष्कळ वापरले गेलेले ट्रायटन एक्स-100 घेऊ. त्याच्या रेणूत मध्ये बेंझिनचे वलय, एका बाजूस आठ कार्बनांचे तैलप्रिय शेपूट व दुसऱ्या बाजूस इथिलीन ऑक्साइडच्या दुव्यांची जलप्रिय साखळी असते. हे वलय 275 नॅनोमीटरच्या आसपास जंबुपार प्रकाश शोषते. आता प्रथिने मोजतात 280 वर! प्रथिनाच्या द्रावणात हे द्रव्य राहून गेले, तर मोजणारा दोहोंची बेरीज वाचतो आणि प्रथिन भरपूर मिळाले म्हणून खूश होतो.

साखळीत दुवे किती, हे सांगणारा अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा हिशेब आम्हाला फार गोड वाटतो. वलयावर हायड्रोजन चार. प्रत्येक दुव्यावरही चारच. दुव्यांच्या शिखराच्या क्षेत्रफळाला वलयाच्या शिखरांच्या क्षेत्रफळाने भागले, की दुव्यांची संख्या हाती येते. ती भरते सुमारे साडेनऊ. अर्धा दुवा कोठे असतो का? अर्थातच नाही, ही सरासरी झाली. बाटलीत आखूड-लांब साखळ्यांची सरमिसळ असते, आणि वस्तुमान-वर्णपटात त्यांच्या रेषा 44-44 च्या अंतराने ओळीने उभ्या दिसतात. 44 हे एका दुव्याचे वजन.

अशा द्रव्यांच्या विघटनातून ऑक्टिलफेनॉल निपजते आणि ते जलचरांत स्त्री-संप्रेरकासारखे वागते. म्हणून युरोपीय संघाने 4 जानेवारी 2021 नंतर, काही अपवाद वगळता, परवान्यावाचून त्यांच्या वापरास मनाई केली. त्यांची जागा घेऊ शकणाऱ्या मेद-अल्कोहोलांपासूनच्या द्रव्यांत मात्र वलयच नाही. 275 वर ती जवळजवळ अदृश्य! मग सांडपाण्यात ती शोधावी कशी? त्यासाठी कोबाल्ट थायोसायनेट मिसळतात. साखळीशी त्याचे निळे संयुग बनते. ते मिथिलीन क्लोराइडमध्ये ओढून घेऊन 620 नॅनोमीटरला मोजतात. साखळी फारच आखूड असली तर हा रंग दगा देतो. शिवाय द्रव्य किती आहे एवढेच त्यावरून समजते. कोणते आहे, ते पुन्हा वस्तुमान-वर्णपटालाच विचारावे लागते.