ओकुरांचा कलासंग्रह

एखाद्या धनिकानें स्वतःच्या पैशानें चित्रें व मूर्ति जमविल्या, तर त्यांवर सत्ता त्याची, हें कायद्यानें ठीकच आहे. परंतु त्या वस्तु एखाद्या राष्ट्राच्या शेंकडों वर्षांच्या साधनेचें फळ असतील, तर त्या आपल्या दिवाणखान्यांत कुलुपबंद ठेवण्याचा नैतिक अधिकार त्यास पोंचतो काय ? या प्रश्नाचें एक कृतिरूप उत्तर टोकियो शहरांत, ओकुरा हॉटेलाच्या आवारांत उभें आहे. ओकुरा शूकोकान या नांवाच्या त्या कलासंग्रहालयाची हकीकत आमच्या वाचकांस उद्बोधक वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

हॉटेल १९६२ सालचें. संग्रहालय त्याहून ४५ वर्षांनीं वडील. त्याचे संस्थापक ओकुरा किहाचिरो (१८३७–१९२८) हे तरुणपणीं एचिगो प्रांतांतून राजधानींत आले व बंदुकांच्या व्यापारांत श्रीमंत झाले. शस्त्रें विकणाऱ्या हातांनीं बुद्धमूर्ति जपाव्या, हा विरोध कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानांत बौद्ध मंदिरांवर संकट ओढवलें आणि तेथील मूर्ति व पट कवडीमोलानें विकले जाऊन परदेशीं जाऊं लागले, तेव्हां त्यांचा संग्रह करण्यास पुढें झालेल्यांत हे गृहस्थ होते. १९१७ सालीं त्यांनीं इमारत, वस्तु व निधि एका सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन केला. खाजगी गृहस्थानें स्थापिलेलें जपानांतील हें पहिलें कलासंग्रहालय मानतात.

पुढें सहाच वर्षांनीं, १९२३ च्या भूकंपांत, इमारत व तींत मांडलेल्या वस्तु नष्ट झाल्या. कोठारांतील तेवढ्या वांचल्या. उभ्या आयुष्याचें संचित असें गेल्यावर त्या वृद्धानें हात टेकले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु इतो चुता या स्थापत्यविशारदाकडून चिनी धर्तीची नवी इमारत बांधविण्यांत आली. १९२८ च्या एप्रिलांत किहाचिरो निवर्तले. त्याच वर्षीं संग्रहालय पुनः उघडलें.

त्यांचे पुत्र किशिचिरो यांनीं हयात चित्रकारांस आश्रय दिला. पाश्चात्य तैलचित्रांची चलती झाली असतां देशी पद्धतीस धरून राहणाऱ्या चित्रांस जपानांत 'निहोंगा' म्हणतात. खनिजांची पूड व शिंपल्यांचें पांढरें चूर्ण सरसांत कालवून तीं रेशमावर किंवा कागदावर काढतात. १९३० सालीं किशिचिरोंनीं स्वखर्चानें अशा चित्रांचें मोठें प्रदर्शन रोम येथें भरविलें. चित्रें जपानी घरांत दिसतात तशींच दिसावीं, म्हणून सुतार नेऊन तेथें देवळीसारखे कोनाडेहि बांधविले ! त्या प्रदर्शनांतील योकोयामा ताइकान यांचें 'रात्रीचीं चेरीपुष्पें' (१९२९) आज या संग्रहालयाचें भूषण आहे. सहा सहा पानांच्या दोन घडीच्या पडद्यांवर धुनींच्या उजेडांत फुललेलीं झाडें व डोंगराआडून वर येणारा चंद्र पाहून रात्रीस इतके रंग असतात, हें प्रथमच उमगतें. हेच ताइकान १९०३ सालीं कलकत्त्यास आले होते. ओल्या रंगाचे हलके थर देण्याची त्यांची रीत पाहून अवनींद्रनाथ ठाकुरांनीं आपली शैली घडविली. तेव्हां हा वारसा आपणांस अगदींच परका नव्हे.

रेशमावरील रंगांस प्रकाश सोसत नाहीं. म्हणून अशीं चित्रें थोडे दिवस मांडून पुनः पेटींत ठेवावीं लागतात. पाहूं द्यावें तर झिजतात, झांकून ठेवावें तर असून नसल्यासारखीं. या दोहोंचा मेळ पिढ्यान् पिढ्या घालणें एका घराण्यास झेपणारें नाहीं. तें संस्थेचें काम आहे. २०१५ सालीं हॉटेलाची जुनी मुख्य इमारत पाडण्यांत आली व २०१९ सालीं नवी उभी राहिली. संग्रहालयाची जुनी वास्तु मात्र राखली गेली. आपल्याकडेहि कित्येक घरांच्या माळ्यांवर पोथ्या व पट पडून आहेत. त्यांचे धनी आपण, कीं केवळ राखणदार, हें ज्यानें त्यानें ठरवावें. वाळवी मात्र आपल्या निर्णयासाठीं थांबत नाहीं.